"आमच्याकडे नियमच आहे" असं कोणी म्हणालं तर पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंनी डोंबिवलीतला स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिला आणि पुढच्या महिन्यापासून सोसायटीचं बिल 3,200 वरून 6,400 झालं. विचारायला गेल्या तर सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या सोसायटीचा नियमच आहे, भाडेकरू ठेवला की डबल मेंटेनन्स." ताई पुढे लिहितात की हे फक्त सोसायटीचं नाही, ऑफिसात, बँकेत, सासरीसुद्धा असंच होतं. नियम आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असतात, आपण फक्त पाळायचे. हे नियम नीट समजून घेण्याची आणि जमलं तर बदलण्याची काही रीत आहे का?

मी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासतो, उपविधींवर, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांवर, सल्ला देतो आणि नको तितक्या वार्षिक सभांना बसतो. त्यामुळे उत्तर सोसायटीच्या आवारातूनच देणार. सासरचं मला विचारू नका, तिथे उपविधी नसतात आणि दाद मागायला सहकार खात्याचा उपनिबंधकही नसतो. पण सोसायटी ही फार कामाची जागा आहे. साधा पगारदार माणूस स्वतः हात वर करून एखादा नियम बदलू शकतो आणि तो बदल आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो, अशा जागा आपल्या आयुष्यात फार नसतात. इथे जे कळतं त्यातलं बरंचसं दुसरीकडेही चालतं.

सगळ्यात आधी, "नियम आहे" हे वाक्य ऐकून मान खाली घालायची नाही आणि आवाजही चढवायचा नाही. एवढंच विचारायचं, "कुठे लिहिलाय, दाखवता का?" मी जितक्या ठिकाणी हे विचारलं, तिथे निम्म्याहून जास्त वेळा कोणीतरी कपाट उघडतं, दोन फायली चाळतं आणि म्हणतं, "पहिल्यापासून असंच आहे." म्हणजे तो नियम नसतो, ती सवय असते. मागच्या कोणत्या तरी कमिटीने एकदा घेतलेले पैसे पुढच्या कमिटीने चालू ठेवलेले असतात. सवय मोडायला ठराव लागत नाही, लेखी विचारणा पुरते.

कागद दाखवला तर तो कोणत्या पायरीवरचा आहे ते पाहायचं. सगळ्यात खाली कमिटीचा निर्णय. त्याच्या वर सर्वसाधारण सभेचा ठराव. त्याच्या वर सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी, म्हणजे बायलॉज. त्याच्या वर शासनाचे निर्देश आणि नियम, त्याच्या वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 आणि सगळ्यात वर संविधान. खालच्या पायरीवरचा कागद वरच्या कागदाला कापू शकत नाही. सोसायटीच्या भांडणांतला निम्मा गोंधळ इथेच आहे. लोकांना वाटतं, सभेत शंभर हात वर झाले म्हणजे झालं. शंभर हातांनी केलेला ठरावसुद्धा उपविधींच्या विरुद्ध असेल तर टिकत नाही.

आता तुमचं 6,400. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी जे जादा पैसे घेते त्याला कागदावर बिनभोगवटा शुल्क म्हणतात, बोलताना सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. पूर्वी यात खरोखरच मनमानी होती. चौरस फुटाला अमुक, भाड्याच्या इतके टक्के, ज्याला जे सुचेल ते. मग 1 ऑगस्ट 2001 रोजी राज्य शासनाने निर्देश काढले की हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबईतली एक सोसायटी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने 2007 मध्ये शासनाची मर्यादा कायम ठेवली. फ्लॅटमध्ये आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

तुमच्या बिलाची पाठची बाजू बघा. त्यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी आणि सेवा शुल्क असे वेगवेगळे आकडे असतील. सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, सफाई कामगार, कार्यालयीन खर्च वगैरे. समजा तो आकडा 1,600 आहे. मग कायद्याने तुमच्याकडून जादा घेता येतात ते महिना 160 रुपये. घेतले जातायत 3,200. बिलात फोडच दिलेली नसेल, सगळं एका रकमेत असेल, तर पहिली मागणी तीच करा. एका रकमेत दडलेलं बिल सोयीचं असतं, कोणाच्या सोयीचं ते तुम्हाला कळेलच.

पण नियम समजून घ्यायचे म्हणजे फक्त आपल्या बाजूचे शोधायचे नाहीत. तळमजल्यावरचे सभासद मला दरवर्षी विचारतात, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग पैसे का?" आदर्श उपविधींत, म्हणजे सहकार खात्याच्या नमुना उपविधींत, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा आहे, तळमजल्यालाही. सेवा शुल्कही वन बीएचके असो की थ्री बीएचके, सारखंच. पाणी मात्र नळांच्या संख्येवर. कुणाला हे न्याय्य वाटेल, कुणाला नाही. आणि काही नियम तर सरळ पोटात गोळा आणणारे असतात, तरी कायदेशीर असतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी म्हणत होते की सभासदत्व फक्त पारशांना. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध धरला. मला तो निकाल आवडत नाही. पण समोरच्याकडे काय काय कागद असू शकतात हे माहीत नसताना लढायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

इथपर्यंतचं वाचून कुणालाही पाठ करता येईल. खरा खेळ त्यापुढे आहे, आणि तो कुठेच छापलेला नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सूचना चौदा दिवस आधी. गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतलं जे कमी असेल ते. अर्धा तास वाट पाहायची, कोरम नाही झाला तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे शेवटचं वाक्य परत वाचा. चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत सात माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून वर्षाचा हिशेब मंजूर करतात, मेंटेनन्स वाढवतात, लिफ्टचं कंत्राट देतात, आणि हे सगळं पूर्ण कायदेशीर असतं. बाकीचे सत्याहत्तर जण वर्षभर ग्रुपवर "हे कधी ठरलं?" विचारत राहतात. ठरलं तेव्हा ते क्रिकेट बघत होते.

त्या सात जणांना शिव्या देणं सोपं आहे. पण माझ्या अनुभवात ते बहुतेकदा लबाड नसतात. येणारी माणसं तेवढीच असतात. नियम करण्याची ताकद हुशार माणसाकडे जात नाही, श्रीमंताकडेही नेहमी जात नाही. जो खुर्चीवर येऊन बसतो आणि रात्री साडेअकरापर्यंत उठत नाही, त्याच्याकडे ती जाते. कंटाळा सहन करणं हे यातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे. ऑफिसातल्या समित्यांत, शाळेच्या पालक सभेत, गावच्या ग्रामसभेत, सगळीकडे हेच पाहिलंय.

सूचनेत शेवटी एक ओळ असते: "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय." सभा तीन तास चालल्यावर, निम्मी माणसं उठून गेल्यावर, "अजून एक छोटा विषय आहे" म्हणून भाडेकरूंचे दर, पार्किंगचे दर इथेच सरकवले जातात. उपविधी दुरुस्तीसारखा महत्त्वाचा विषय ऐनवेळी घेता येत नाही, पण हरकत कोणी घेतली तरच ना! तुमच्या सोसायटीतला तो "डबलचा नियम" झालाच असेल तर बहुधा असाच झाला असेल. इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, मागवा. सूचक कोण, अनुमोदक कोण, हजर किती, सगळं त्यात असायला हवं. सभासदाला इतिवृत्त आणि हिशेब पाहण्याचा अधिकार कायद्यानेच आहे, त्यासाठी सेक्रेटरींचा मूड चांगला असण्याची गरज नाही. पुष्कळ लोक माहितीच्या अधिकारात सोसायटीला अर्ज टाकतात. तो फेटाळला जातो, कारण सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलंय. उपनिबंधक कार्यालयात मात्र तो अर्ज चालतो, आणि सोसायटीने तिथे दाखल केलेले कागद त्यातून मिळू शकतात.

आणखी एक न लिहिलेला नियम. फ्लॅट बाईच्या नावावर असतो आणि सभेला नवरा येतो. बोलतोही तोच. हजेरी वहीत सही मात्र बाईची, आधीच घेऊन ठेवलेली. ताई, तुमचा फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर सभेला स्वतः जा. पहिल्या सभेत तुमच्याकडे कोणी पाहणार नाही. दुसऱ्या सभेत विचारतील, "मिस्टर नाही आले?" तिसऱ्या सभेपर्यंत सवय होते, त्यांनाही आणि तुम्हालाही. भाड्याने फ्लॅट दिलेले मालक तर जवळपास येतच नाहीत, आणि म्हणूनच सगळे जादा आकार त्यांच्यावर लागतात. जो टेबलाशी नाही त्याच्या ताटातलं उचलणं कुणालाही जमतं.

आता बदलण्याचं. ठराव बदलायचा असेल तर पुढच्या वार्षिक सभेची वाट पाहायलाच हवी असं नाही. एक पंचमांश सभासदांनी सही करून लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. चौऱ्याऐंशी फ्लॅटमध्ये सतरा सह्या. भाड्याने दिलेले फ्लॅटच तेवढे निघतील. त्या मालकांचे नंबर गोळा करणं हे तुमचं खरं काम. उपविधी बदलायचे तर सभेत हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात आणि उपनिबंधकांकडे नोंदणी झाल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. तुमच्या प्रकरणात याची गरजच नाही, कारण वरच्या पायरीवरचा कागद आधीच तुमच्या बाजूने आहे. लढाई निवडताना हे आधी बघायचं. जो नियम मोडीत काढण्याइतपत कायदा आधीच झालेला आहे, तिथे क्रांती कशाला करायची, एक पत्र पुरे.

कायदाच आडवा असेल तर? तिथेही रस्ते निघालेत. हा माझ्या आवडीचा भाग आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

1904 चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. कर्ज देण्याघेण्यापलीकडे सहकार करायला त्यात जागाच नव्हती. 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना दार उघडलं. लगेच 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने. त्याआधी मुंबईत मध्यमवर्गीय भाडेकरू आणि घरमालक यांचा खेळ ठरलेला होता. मालक भाडं वाढवणार, भाडेकरू कुरकुरणार. तालमकींनी मालकाशी घासाघीस करण्यात आयुष्य घालवलं नाही. भाडेकरूंनीच एकत्र येऊन मालक व्हायचं, अशी सोय नव्या कायद्यात दिसली आणि ती वापरली. नावातच समाज आहे, म्हणजे दार उघडलं ते आपल्या माणसांपुरतं, हेही नोंदवायला हवं. मघाचा पारशी सोसायटीचा वाद तिथून फार लांबचा नाही.

दुसरं उदाहरण कन्व्हेयन्सचं. 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबद्दलच्या राज्याच्या कायद्यानुसार बिल्डरने सोसायटीच्या नावे जमीन आणि इमारत करून द्यायची होती, सोसायटीच्या नोंदणीनंतर चार महिन्यांत. कित्येकांनी दिलीच नाही. कायदा होता, शिक्षेची तरतूद होती, आणि तरी माणसं दशकानुदशकं बिल्डरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत राहिली, कारण शेवटी सही त्याची लागायची. 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण आलं, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे जाते, ते सुनावणी घेऊन एकतर्फी करून देतात. हा बदल मला फार हुशारीचा वाटतो. सही न करणाऱ्यावर दंड वाढवत बसण्याऐवजी त्याच्या सहीची गरजच काढून टाकली. तुमच्या आयुष्यात एखादा माणूस परवानगी अडवून बसला असेल तर त्याला कसं मनवायचं हा एक प्रश्न. त्याच्या परवानगीशिवाय हे कोणत्या रस्त्याने होईल, हा दुसरा. माणसं पहिल्या प्रश्नातच वर्षं घालवतात.

तिसरं, दहिसरची पांचाली सोसायटी. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डर गॅरेज म्हणून वेगळी विकू शकतो का, एवढाच वाद. दावा लावला तोही बिल्डरने. दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय आणि शेवटी 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालय. स्टिल्ट पार्किंग हा इमारतीच्या सामायिक जागेचा भाग, तो वेगळा विकता येत नाही, असा निकाल लागला. उपनगरातली एक सोसायटी मागे हटली नाही म्हणून राज्यभरच्या सोसायट्यांना तो नियम मिळाला. वर्षं मात्र बरीच गेली, हे लक्षात ठेवा. वकील तुम्हाला निकाल सांगतात, वर्षं सांगत नाहीत.

नियम बदलण्याचेही नियम असतात आणि ते मोठ्यांनाही सुटत नाहीत. 97 वी घटनादुरुस्ती संसदेने सहकारी संस्थांसाठी केली, 2012 मध्ये लागू झाली. सहकार हा राज्यांचा विषय, त्यामुळे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागत होती, ती घेतली नव्हती. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरती ती दुरुस्ती रद्द केली. संसदेचं हे, तर तुमच्या कमिटीने चौदा दिवसांची सूचना न देता केलेल्या ठरावाचं काय होईल ते बघा. म्हणून मी लोकांना सांगतो, ठरावातला मजकूर नंतर वाचा, आधी तो कसा झाला ते बघा. मजकुरावर वाद घालता येतो, तारखेवर घालता येत नाही.

काही गोष्टी करू नका. रागाने मेंटेनन्स भरणं बंद करू नका. थकबाकीदार ठरलात की व्याज लागतं, कमिटीची निवडणूक लढवता येत नाही आणि पुढच्या सगळ्या चर्चेत तुमचं म्हणणं "तिने आधी पैसे भरावेत" इथेच संपतं. पूर्ण रक्कम भरा आणि सोबत पत्र द्या की जादा रक्कम हरकत नोंदवून भरत आहे. पत्राची पोच सही-शिक्क्यासह घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियमाचे फोटो टाकू नका. तिथे सेक्रेटरींना चारचौघांत माघार घेता येत नाही, आणि ज्याला माघार घेता येत नाही तो शेवटपर्यंत लढतो.

सेक्रेटरींबद्दल थोडं त्यांच्या बाजूनेही बोलतो. हे मानद काम असतं. रात्री दहाला पंप बंद पडला की फोन त्यांनाच. "डबल" करण्यामागे बहुधा काही घडलेलं असतं. एका फ्लॅटमध्ये आठ जण राहिले, टाकी रिकामी झाली, मालक फोन उचलेना, असं काहीतरी. तो त्रास खरा असतो, उपाय चुकीचा असतो. तुम्ही फक्त "हे बेकायदेशीर आहे" म्हणालात तर ते दुसरं काहीतरी बेकायदेशीर शोधतील. मग भाडेकरूला लिफ्टमधून सामान नेण्याचे पैसे, मग एनओसीचे पैसे. त्यापेक्षा विचारा की भाडेकरूंचा नेमका कोणता त्रास होतो, आणि पर्याय सोबत घेऊन जा. भाडेकराराची प्रत आणि पोलीस पडताळणीचा कागद मी स्वतः आणून देईन, किती माणसं राहणार ते लेखी देईन, तक्रार आली तर चोवीस तासांत फोन उचलीन. बहुतेक कमिट्या एवढ्यावर सुटकेचा श्वास सोडतात.

ऑफिस आणि बँकेबद्दल तुम्ही विचारलंत, तिथे पायऱ्यांची नावं बदलतात. बँकेत "आमच्या शाखेचा नियम" म्हणाले तर रिझर्व्ह बँकेचं कोणतं परिपत्रक ते विचारा. ऑफिसात एचआरचं धोरण लेखी मागा. घरात मात्र काहीच लिहिलेलं नसतं. तिथे एवढंच पाहता येतं की हा नियम पाळल्याने कोणाचे कष्ट वाचतात. ज्याचे वाचतात त्याला नियम दिसतच नाही, त्याला ती पद्धत वाटते. वाद घालून ते दिसत नाही. ते कष्ट चार दिवस त्याच्या वाट्याला आले की थोडंफार दिसतं.

तर आता या महिन्यात करायचं ते असं. कमिटीला साधं पत्र लिहा, अर्ध्या पानाचं. बिलाची फोड द्यावी, दुप्पट आकारणीचा ठराव आणि त्या सभेचं इतिवृत्त दाखवावं, आणि 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्देशांनुसार बिल दुरुस्त करून जादा रक्कम पुढच्या बिलांत वळती करावी. पंधरा दिवसांची मुदत द्या. रागाचं विशेषण एकही नको. उत्तर आलं नाही तर तेच पत्र, पोच आणि दोन्ही बिलांच्या प्रती जोडून तुमच्या भागाच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करा. तिथूनही पैसे परत मिळण्याचा वाद सुटला नाही तर पुढे सहकार न्यायालय आहे, पण या रकमेसाठी तिथवर जायची वेळ क्वचित येते. पत्र टाईप करून सही करण्याआधी त्याच मजल्यावरच्या, फ्लॅट भाड्याने दिलेल्या दुसऱ्या मालकाला दाखवा. दोन सह्यांचं पत्र कमिटीच्या बैठकीत वाचलं जातं, एका सहीचं फाईलला लागतं.